चौथी गाठ

यंदा मार्गशीर्षात आमच्या ओढ्याला पुन्हा तो वास सुटला. पाण्यात विसरलेलं गोणपाट, मेलेला बेडूक आणि ओली भिंत एका मडक्यात कोंबून आठ दिवसांनी झाकण काढलं तर जसा येईल तसा. नातसून पदर नाकाला लावून घरात आली.

"आजी, ओढ्यात काही मेलंय का हो?"

"मेलं न्हाई. कुणीतरी अंबाडी भिजू घातली," मी म्हणाले.

तिला अंबाडी म्हणजे भाजी एवढंच ठाऊक. भाजी ती कोवळी असते तेव्हा. माणसाच्या डोक्यावर गेली की तिचा दोर होतो. नायलॉन आल्यापासून आमच्या गावात कुणी अंबाडी भिजवली नव्हती. आता बचत गटाच्या बायकांना कुणीतरी सांगितलंय की अंबाडीच्या पिशव्या शहरात लोक हौसेनं घेतात. घेत असतील. मला शहरातल्या हौसेचा भरवसा नाही.

अंबाडीच्या हंगामाला कुणी हंगाम म्हणत नाही. कापसाची पहिली वेचणी उरकलेली असते, ज्वारी हुरड्याला आलेली नसते, आणि त्या मधल्या फटीत बायका अंबाडीच्या पेंढ्या ओढ्यात बुडवून वर दगड ठेवतात. पंधरा-वीस दिवसांत साल सडते. मग गुडघाभर गार पाण्यात उभं राहून ती सोलायची, आपटायची, धुवायची. सालीचे लांब पांढरे धागे निघतात, त्याला आमच्याकडे वाक म्हणतात. वाक बाभळीवर वाळत घातला की लांबून म्हाताऱ्यांचे केस उन्हात सोडल्यासारखे दिसतात. हाताचा वास आठ दिवस जात नाही. भाकरीलाही तोच लागतो.

त्या वासाबरोबर मला एक वर्ष आठवतं. आठवायची इच्छा नसताना आठवतं. निजामाचं राज जायला अजून दोन-तीन वर्षं होती. मी आठ-नऊ वर्षांची असेन, नोंद कुठे नाही.

आठवण आपसूक निघून गेलीही असती. पण त्याच आठवड्यात एक सिस्टर दारात आली. फिकट तपकिरी साडी, कमरेला पांढरी दोरी, हातात वही. तिच्या मंडळाचा मठ आमच्यापासून दोन कोसांवर आहे. दवाखाना चालवतात, शाळा चालवतात. चांगलं चालवतात, त्याला मी नाव ठेवत नाही.

"आजी, तुम्ही आमच्या संस्थापक फादरांना पाहिलंय म्हणे," ती म्हणाली.

"कोण म्हणे?"

ती हसली. मग तिनं सांगितलं की तिच्या मंडळींना त्या पादरीबाबाचं चरित्र लिहायचंय, त्याला संत ठरवावं म्हणून दूरदेशी कागद पाठवायचेत, आणि त्यासाठी डोळ्यांनी पाहिलेल्यांची साक्ष पाहिजे. डोळ्यांनी पाहिलेली आता मी एकटीच उरलेय.

"काही चमत्कार आठवतो का, आजी?"

इथंच मला संशय आला. साक्ष पाहिजे म्हणायचं आणि काय पाहिलं ते आधीच ठरवून यायचं, असं मी कोर्टातसुद्धा ऐकलेलं नाही.

*

पादरीबाबा जालन्याहून पायी आला. झगा घोंगडीच्या रंगाचा, दाढी मक्याच्या तुऱ्यासारखी, पायात खडखडणाऱ्या चपला. कुठल्या देशाचा विचारलं की मावळतीकडे बोट करायचा. गावाच्या खालच्या अंगाला, जिथं दोर वळणाऱ्या मातंगांची वस्ती होती, तिथं ओढ्याकाठी त्यानं झोपडी घातली. पाटलानं वरच्या आळीत जागा देऊ केली होती, ती घेतली नाही. गावाला पहिला संशय इथंच आला. वरची जागा सोडून खाली कोण राहतं?

दुसरा संशय त्याच्या बोलण्याचा. तो सगळ्यांना अहोजाहो करायचा. गुराख्याला, मातंगांच्या म्हातारीला, शेंबड्या पोरांना, मलाही. इकडं लोक बोलायचे, "एवढी अदब कामून करून राह्यलाय? काहीतरी पाहिजे असंल."

लोकांचा नारू तो काढायचा. तेव्हा बारवेचं पाणी पिऊन पायात हा सुतासारखा किडा व्हायचा. पादरीबाबा त्याचं टोक काडीला गुंडाळायचा आणि रोज बोटभर ओढायचा, न तुटता, दहा-दहा दिवस. माझ्या बापाचा नारू त्यानंच काढला. बाप बरा झाला आणि म्हणाला, "हातात कसब हाये, पण असं कसब चांगल्या माणसाकडं नसतं."

आणि तिसरा, सगळ्यात मोठा संशय: तो बायका जमवायचा.

त्याच्या झोपडीशेजारी दुसरी झोपडी उभी राहिली. तिच्यात आधी सखू आली, दोर वळणाऱ्यांतली विधवा. मग जालन्याच्या जिनिंगात एक हात गेलेली बाई. मग एक मुकी पोर. तिघी लग्नाचं नाव घेणार नव्हत्या, एका चुलीवर जेवायच्या, पोरांना अक्षरं शिकवायच्या, आजाऱ्यांचं धुवायच्या. त्यांना तो बहिणी म्हणायचा. आज सिस्टर ज्याला मंडळाची स्थापना म्हणते ती ही. आम्ही पाहिलं तेव्हा ती एक गळकी झोपडी आणि तीन बायका होत्या.

पादरीबाबाच्या कमरेला दोरी असायची, आणि दोरीला तीन गाठी.

तीन बायका, तीन गाठी. हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं ते मला माहीत नाही. पण आमची काकू ओढ्यावर अंबाडी सोलताना म्हणाली, "एकेक बाई एकेका गाठीत बांधून ठेवली मेल्यानं. म्हणून तर निघत न्हाईत त्या."

आमच्याकडं गाठीची भीती होती. कुणाचं दूध आटलं, कुणाचं बाळंतपण अडलं, तर घरभर शोधून गाठी सोडायचे. छपराच्या, दाव्याच्या, लुगड्याच्या. त्यामुळे काकूचं बोलणं कुणाला वेडं वाटलं नाही.

माझी माय मात्र म्हणाली, "अवं, तो आल्ता तवा बी तीनच व्हत्या की."

"मंग आधीच मारून ठेवल्या असतील," काकू म्हणाली.

संशयाला उत्तर दिलं की तो उत्तरावरच बसतो. सगळ्या बायका मान डोलवत सोलत राहिल्या.

*

आमची गोदाआत्या त्या घोळक्यात होती. बापाची धाकटी बहीण. नवरा मरीच्या साथीत गेला तेव्हा सोळाची होती, माहेरी परत आली, आता बाविशीची. आत्या डावरी. जेवायला उजवा हात वापरायचं तिला मारून शिकवलं होतं, पण दोर, विळा, सुई सगळं डाव्यातच जायचं. तिनं बांधलेलं दावं गड्यांना सुटायचं नाही. ते नेहमीच्या अंगानं ओढायचे, गाठ आणखी आवळायची, आणि ते शिव्या द्यायचे.

बापानं तिचं दुसरं लग्न, आमच्याकडे त्याला मोहतर म्हणतात, राजूरच्या पलीकडच्या एका गावात जमवलं होतं. माणूस पन्नाशीचा, तीन पोरांचा. आत्याला विचारलं नव्हतं. विचारायची रीत नव्हती. पण न विचारता ती बोलली.

"मला न्हाई जायचं, दादा."

"मंग काय करती? जन्मभर इथंच?"

"सखूबाईकडं जाईन. त्या बहिणींत."

बापानं तंबाखूची चंची मिटली. मग म्हणाला, "त्यांच्या चुलीवर जेवशील?"

"त्यांच्या बारवेचं पाणी प्यायले तर नारू व्हतो, आपल्या बारवेचं प्यायले तरी व्हतो," आत्या म्हणाली.

तिला मार बसला. तो मी पाहिला. माय मध्ये पडली नाही, तेही पाहिलं.

दुसऱ्या दिवशी बापानं मला अंगणात बोलावलं. "कौसे, उद्यापास्नं त्या पादऱ्याच्या शाळंत जायाचं."

मला वाटलं ऐकण्यात काही चूक झाली. गावातल्या एकाही पोरीनं शाळा पाहिली नव्हती.

"अक्षरं बिक्षरं काय देतील ते घे. पर रोज त्याच्या कमरंकडं बघायचं. गाठी मोजायच्या. चौथी दिसली की जल्दी घरी यायचं. समजलं का?"

माझं शिक्षण असं सुरू झालं. बहीण बांधली जातेय का ते बघायला बापानं लेकीला शाळेत घातलं.

*

शाळा म्हणजे बाभळीची सावली. सखूबाई वाक मांडीवर घेऊन दोर वळायची आणि तोंडानं अक्षरं म्हणून घ्यायची. आम्ही धुळीत बोटानं गिरवायचो. वास सगळीकडं. मला अजून क लिहिताना अंबाडी आठवते.

मी रोज मोजायची. तीन. घरी जाऊन सांगायची, तीन. पहिले काही दिवस सगळे हातातलं काम टाकून ऐकायचे. मग ऐकेनासे झाले. आत्या जात्यावर बसलेली असायची, माझ्याकडं बघून हसायची. तिला कळलं होतं मी कशाला जाते. तिनं मला कधी हटकलं नाही.

एकदा पादरीबाबानंच धरलं.

"तुम्ही रोज माझ्या कमरेकडे काय पाहता, बेटी?"

मी बावचळले. म्हणाले, "ह्या गाठी कशाच्या?"

तो उकिडवा बसला. एकेका गाठीवर बोट ठेवलं. "ही पहिली. माझं म्हणून काही नाही. ही दुसरी. लग्न नाही. ही तिसरी. मोठ्यांचं ऐकायचं. ही मी स्वतःला मारली आहेत."

"मारल्या आहेत," सखूबाई दोर वळता वळता म्हणाली. ती त्याचं मराठी सुधारायची आणि तो निमूट ऐकायचा.

मी घरी तसंच्या तसं सांगितलं. बापानं त्यातलं एकच उचललं. "लग्न न्हाई म्हंतो. बघा! गाठीतच हाये ते."

*

मग तो दिवस. मी तेव्हा ओढ्यावर नव्हते, बाभळीखाली बाराखडी गिरवत होते. पुढचं मला पुष्कळ नंतर सखूबाईनं सांगितलं.

पादरीबाबा ओल्या वाकाचा भारा डोक्यावर घेऊन बायकांच्या मागं ओढ्यातून वर येत होता. गावातले गडी अशी कामं बायकांसाठी ठेवायचे, त्यामुळे त्याला बघून सगळ्याजणी हसायच्या. चढावर एक तोडलेल्या बाभळीचा खुंट होता. दोरी त्यात अडकली आणि तटकन तुटली. जुनी झाली होती. पादरीबाबा दोन्ही हातांनी झगा धरून उभा, भारा घरंगळत परत पाण्यात, आणि बायका हसून लोळताहेत. तोही हसत होता, सखूबाई म्हणाली, कान लाल करून.

गोदाआत्या पाण्यातून वर आली. हात पुढं केला. त्यानं दोरीचे दोन तुकडे तिच्या हातावर ठेवले. तिनं ओल्या वाकाची एक बट घेतली, दोन टोकं जुळवली, गाठ मारली, ओढून बघितली, परत दिली. एवढंच. बैलाचा कासरा तुटला असता तर तिनं हेच केलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोजलं. चार.

पुन्हा मोजलं. चार.

मी पळत सुटले. एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. पळताना मला आनंद झाला होता. इतके दिवस तीन, तीन, तीन सांगून कुणी माझ्याकडं बघत नव्हतं. आज बघणार होते.

"चार झाल्या!" मी अंगणातूनच ओरडले.

जातं थांबलं. आत्या बाहेर आली, हाताला पीठ. बापाकडं बघून म्हणाली, "दादा, ती गाठ म्या मारली. दोरी तुटली व्हती."

ती खरं बोलली. खोटं बोलली असती तर कदाचित वाचली असती. तिचं तिनंच कबूल केलं, घरानं असं धरलं: बाई स्वतःच्या हातानं स्वतःला बांधून आली, तेही परक्या बाप्याच्या कमरेच्या दोरीला हात लावून. काकूनं तोंडावर हात ठेवला. बापानं गाडी जुंपायला सांगितली. ऊन डोक्यावर यायच्या आत आत्याला राजूरच्या वाटेला लावलं. पीठ धुवू दिलं नाही. मोहतर त्याच आठवड्यात लागलं.

*

तिसऱ्या प्रहरी पादरीबाबा आमच्या दारी आला. मी दाराआड होते.

"गोदाबाई कुठे आहेत?"

"हाये तिथं हाये. तू ती गाठ सोड," बाप म्हणाला.

"ही? ही तर दोरी जोडलेली आहे."

"समद्यांसमोर सोड. आत्ता सोड. म्या गाडी माघारी बोलावतो. बहिणीला घरी आणतो. सोड."

अंगणात माणसं जमली होती. पादरीबाबाचा हात दोरीकडं गेला. मी पाहिलं. बोटं गाठीवर टेकली. मग थांबली.

"मी सोडली तर तुम्ही म्हणाल, जादू होती, ती सुटली," तो म्हणाला. "उद्या त्या तिघींना ओढून न्याल आणि म्हणाल, सोडा यांच्याही गाठी. ही जादू नाही. मी खोट्याला खरं करणार नाही."

"सोडतोस का न्हाई?"

"ज्यांनी बांधली त्यांना बोलवा. त्यांना वाटलं तर त्या सोडतील."

तो वळला आणि गेला. चपला खडखडत राहिल्या.

ही माझी साक्ष. यात चमत्कार नाही. यात एक माणूस आहे, ज्याला एक गाठ सोडायची होती आणि त्यानं सोडली नाही. त्याला खरं राखायचं होतं. त्या तिघींना राखायचं होतं, हेही मला आता कळतं. पण आत्याला कुणी राखायचं? बोटं टेकली होती की! घटकाभर खोटं वागला असता तर काय बिघडलं असतं?

आणि लगेच मला दुसरा संशय येतो. त्यानं सोडली असती, तर बापानं गाडी माघारी बोलावली असती का? मी बापाला ओळखते. मला वाटत नाही. मग तिसरा येतो, की बापावर आळ घालून मी माझं 'चार झाल्या' झाकून ठेवतेय.

मला शाळेतून काढलं. चौथीपर्यंत शिकले ती पोलीस ॲक्शननंतर गावात सरकारी शाळा आली तेव्हा. रझाकारांच्या साली पादरीबाबानं दोन्हीकडची माणसं लपवली असं सिस्टर म्हणते. लपवली असतील. मी पाहिलं नाही. तो वारला तेव्हा मी बाळंतिणीच्या खाटेवर होते. पण अधूनमधून दिसायचा तेव्हा मी कमरेकडं बघायची. सवयच लागली होती. चार. सखूबाईच्या मांडीवर रोज नवा दोर वळला जायचा, आणि हा माणूस तीच तुटकी दोरी बांधून फिरायचा. का, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही.

आत्या मला एकदाच निवांत भेटली. राजूरच्या गणपतीला, चतुर्थीला. मी चार लेकरांची आई झाले होते. ती सावत्र लेकीच्या पोराला घेऊन पायरीवर बसली होती, डाव्या हातानं त्याला खोबरं भरवत. तिचं वाईट झालं असं म्हणता येत नाही. चांगलं झालं असं म्हणायला मी धजत नाही.

"आत्या, म्या सांगितलं व्हतं तवा," मी म्हणाले.

"ठावं हाये. तू मोजायला चुकली न्हाईस, कौसे."

मग थोड्या वेळानं तिनं विचारलं, "सोडली का त्यानं?"

"न्हाई. अजून तशीच हाये."

तिनं खोबऱ्याचा पुढचा तुकडा मोडला. "मंग बरं," म्हणाली.

काय बरं? मी विचारायला हवं होतं. गर्दी होती, पोर रडायला लागलं, राहून गेलं.

*

सिस्टरनं हे सगळं ऐकलं. लिहायचं ती मध्येच कधीतरी थांबली होती. मी म्हणाले, "तुझ्या कमरंची दोरी दाव."

तिनं टोक माझ्या हातात दिलं. मी बोटांनी मोजलं. एक, दोन, तीन. चार.

"तुम्हाला चार कामून?"

"आमच्या मंडळाला चार व्रतं आहेत, आजी. चौथं गरिबांच्या सेवेचं. फादरांच्या दोरीला चार गाठी होत्या ना, म्हणून. ती दोरी आमच्याकडे काचेत ठेवली आहे. आणि चौथी गाठ उलटी असते. नव्या मुलींना तीच शिकायला जड जाते, डाव्या हातानं मारावी लागते."

"उलटी का ते सांगतात का?"

"जगाच्या रीतीच्या उलट चालायचं, म्हणून."

मी गाठ दोन बोटांत फिरवली. तीन गाठींचा पीळ एका अंगाला, हिचा दुसऱ्या. नेहमीच्या अंगानं ओढली, तर आवळली. आमचे गडी हिलाच शिव्या द्यायचे.

"हे सगळं लिव्ह," मी म्हणाले.

तिनं बराच वेळ लिहिलं. मग वही मिटली. मी हात पुढं केला. "दे इकडं."

"आजी, तुम्हाला वाचता…"

"येतं. तुमच्याच शाळंत शिकायला सुरू केल्तं."

चष्मा लावला. अक्षर चांगलं होतं. लिहिलं होतं की संस्थापकांची दोरी तुटली असता एका श्रद्धाळू गावकरी स्त्रीने ती जोडून दिली, आणि त्या गाठीत त्यांना चौथ्या व्रताची प्रेरणा दिसली. पुढं गाडी नव्हती, अंगण नव्हतं, टेकलेली बोटं नव्हती.

"श्रद्धाळू खोड," मी म्हणाले. "तशी न्हवती ती. नाव लिव्ह. गोदा. डावरी व्हती, ते लिव्ह. तिला यायचं व्हतं आणि येऊ दिलं न्हाई, ते लिव्ह. त्यानं सोडली न्हाई, ते बी लिव्ह."

"आजी, ते लिहिलं तर कागद अडकतील."

"अडकू दे."

ओढ्याकडून वारा आला, वासासकट. तिनं नाकाला रुमाल लावला नाही, एवढं मी पाहिलं. मग तिनं पेन उघडलं.

मी वही तिच्या हातात पुरती दिली नाही. एक कोपरा धरून ठेवला आणि ती एकेक शब्द लिहीत गेली तसा वाचत गेले.